बाग बांधायला पैसे मिळतात, राखायला कुठून आणायचे?

जांभळाखाली

नमस्कार. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे आमची कॉलनी आहे. बेचाळीस घरं आणि मधोमध दहा-अकरा गुंठ्यांची बाग, तिच्यात एक मोठं जांभूळ. गेल्या रविवारी संध्याकाळी बागेतल्या झोपाळ्याची कडी तुटली आणि सहा वर्षांची एक मुलगी हनुवटीवर पडली. चार टाके पडले. आता बरी आहे, शाळेत जाते. ती तुटलेली कडी मी घरी आणून ठेवली आहे. वरच्या बाजूला घासून घासून सुतळीएवढी बारीक झालेली. लोखंड एका दिवसात झिजत नाही. दोन वर्षं तरी ती झिजत असणार आणि आमच्यापैकी कुणीच, मीसुद्धा, मान वर करून बघितलं नाही.

बागेचा हिशेब सात वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून मलाच लिहायला हवं.

बाग झाली तेव्हा फीत कापायला सगळे आले होते. पेव्हर ब्लॉक, हिरवळ, कारंजं, झोपाळे, घसरगुंडी, व्यायामाची लोखंडी यंत्रं, बारा दिवे. कारंजं पहिला उन्हाळाही टिकलं नाही. हिरवळ दुसऱ्या वर्षी वाळली आणि पावसाळ्यात तिथे कमरेएवढं काँग्रेस गवत माजलं. दिवे एकेक करून गेले. बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात मी सात-आठ वेळा जाऊन आले. दरवेळी उत्तर एकच, "देखभालीला तरतूद नाही, ताई. नवीन काही करायचं असेल तर प्रस्ताव द्या." म्हणजे बंद पडलेला एक दिवा दुरुस्त होऊ शकत नाही, नवे बारा मात्र बसू शकतात. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

शेवटी आम्ही घरटी महिना शंभर रुपये वर्गणी सुरू केली. पहिल्या वर्षी अडतीस घरं देत होती, आज एकोणीस देतात. माळीकाका पूर्वी आठवड्यातून तीनदा यायचे, आता एकदाच येतात, कारण तेवढेच पैसे उरतात. मार्चमध्ये बोअरची मोटर जळाली. रिवाइंडिंगचे पैसे जमेपर्यंत तीन आठवडे गेले आणि त्यात बकुळीची पाच रोपं गेली.

रविवारच्या प्रसंगानंतर बैठक झाली. पडलेली मुलगी नाल्यापलीकडच्या वस्तीतली आहे. तिची आई आमच्याच कॉलनीत चार घरी कामाला येते. बैठकीत एक जण म्हणाले, "पैसे आपण द्यायचे, वापरणार ती मुलं, आणि काही झालं तर जबाबदार आपण. गेटला कुलूप लावा. वर्गणी देईल त्याला किल्ली." बऱ्याच माना डोलल्या. मी विरोध केला, पण "मग पैसे कुठून आणता ते सांगा" असं विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुलूप लावायचं नाही हे माझं पक्कं आहे. पैशाचं काय, हे मला इथल्या जाणकारांना विचारायचं आहे.

जुनी_पेठ

ताई, मुलगी सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

आमच्याकडे गल्लीत बागच नाही. देवळापुढची फरशी आणि तालमीच्या मागचा तुकडा, तेवढीच मोकळी जागा. तिथे गणपतीचा मांडव, तिथेच लग्नाचं जेवण, तिथेच पोरांचं क्रिकेट. तरी एक विचारतो. घरपट्टी आम्ही भरतो, तुम्हीही भरता. मग वर्गणी कशाला? एकदा लोकांनी वर्गणी काढून काम चालवलं की कार्यालय हात झटकून मोकळं होतं. पुढच्या वेळी तुम्ही गेलात की म्हणतील, "तुमचं छान चाललंय की."

निवृत्त_लेखापाल

मी जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली. "तरतूद नाही" हे उत्तर कसं तयार होतं ते सांगतो. टेबलापलीकडचा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो.

अंदाजपत्रकात खर्चाचे दोन भाग असतात, भांडवली आणि महसुली. बाग बांधणं भांडवली. माळ्याची मजुरी, वीजबिल, तण काढणं, कडीला तेल घालणं, हे सगळं महसुली. भांडवली कामाला बाहेरून पैसा येतो. महसुली खर्च मात्र पालिकेला स्वतःच्या कमाईतून भागवावा लागतो, म्हणजे घरपट्टी, गाळेभाडं, परवाना फी. त्या कमाईवर आधी पगार बसतात, मग पथदिवे आणि पाण्याच्या पंपांचं वीजबिल, मग कचरा. बागेची पाळी येईपर्यंत पिशवी रिकामी झालेली असते.

आपल्या शहराचंच घ्या. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगाव आलं. त्या योजनेत केंद्राकडून शहराला पाच वर्षांत ५०० कोटींपर्यंत आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेचा, असं गणित होतं. तो पैसा प्रकल्पांचा. मोहीम ३१ मार्च २०२५ ला संपली आणि उभं राहिलेलं सांभाळायचं काम इथल्यांवर आलं. केंद्राच्या २०१५ च्या अमृत या शहरांसाठीच्या योजनेत आराखड्याच्या २.५ टक्क्यांपर्यंत रक्कम उद्यानांसाठी होती. त्याच योजनेच्या सुधारणांच्या यादीत "उद्याने व मैदाने राखण्यासाठी लोकसहभागाची व्यवस्था बसवा" असंही एक कलम होतं. बांधण्यासाठी टक्केवारी ठरवून पैसे दिले आणि राखण्यासाठी सूचना दिली. मी असली परिपत्रकं फाइलला लावली आहेत, म्हणून हे मला टोचतं.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी, आपल्याकडे आमदार निधी २ कोटी. दोन्ही मुख्यतः टिकाऊ मालमत्तेसाठी. त्यातून झोपाळा येईल, झोपाळ्याला दर महिन्याला तेल घालणारा माणूस येणार नाही.

आता वाटा कुठे आहेत ते.

पंधराव्या वित्त आयोगाचं २०२१ ते २०२६ चं अनुदान बघा. दहा लाखांच्या आतल्या शहरांसाठी त्यातला ६० टक्के भाग बांधलेला, म्हणजे ठरलेल्या कामांपुरताच होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. (२०११ च्या जनगणनेत आपली महापालिका हद्द ४.८८ लाखांची.) उरलेला ४० टक्के मोकळा, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. म्हणून "बागेची देखभाल" असा अर्ज केला तर तो सहसा मागे पडतो. पालापाचोळ्याच्या खताचा खड्डा मागितला तर तो घनकचऱ्यात बसतो. पाणी मुरवायचा खड्डा आणि बोअरचं पुनर्भरण पाण्यात बसतं. आम्ही एका बागेत असंच बसवलं होतं. वर्षभराचं खत विकत घ्यावं लागलं नाही आणि मे महिन्यातही बोअर पूर्ण आटलं नाही.

दुसरी वाट. स्थानिक संस्थांनी स्वनिधीतले, म्हणजे स्वतःच्या कमाईतले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. बागेच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार, हाताला धरायला कठडा, उखडलेले ब्लॉक काढून सपाट वाट, ही कामं त्यात मागता येतात. आमच्याकडे ती रक्कम मार्चअखेरीला शिल्लक राहायची, कारण मागायलाच कुणी येत नसे.

तिसरी गोष्ट घरपट्टीच्या पावतीची. नीट वाचा. घरपट्टीवर ग्रंथालय उपकर ६ टक्के, भिकारी उपकर ३ टक्के, आरोग्य उपकर १५ टक्के. हेतू ठरलेला आहे म्हणून ते पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जातात. बागेसाठी असा रकाना नाही.

जुनी पेठ, तुमचा मुद्दा खरा आहे. वर्गणी तोंडी असेल तर कार्यालय हात झटकतं. म्हणून लेखी करार करा. वीज आणि पाणी त्यांचं, झाडलोट आणि रोपं तुमची, खेळण्यांची तपासणी दोघांनी मिळून दर महिन्याला. सही, शिक्का, तारीख. तोंडी कबुलीवर कुठलंही ऑडिट आक्षेप घेत नाही.

रंकाळ्यावरून

माहेर वडगाव, आता कोल्हापूर. लेखापाल काका म्हणतात तसा रकाना आमच्या बिलावर आहे, वृक्षकर. महाराष्ट्रात १९७५ चा झाडं जपण्याचा शहरी कायदा आहे, त्यावरून तो आला. त्याने सगळ्या बागा हिरव्यागार झाल्या असं मी म्हणणार नाही. पण सभेत उभं राहून "वृक्षकराचे किती जमले आणि कुठे खर्च झाले?" असं विचारता येतं. प्रश्न विचारायला एक शब्द लागतो, तो बिलावर छापलेला असला की धीर येतो.

पहाटवारी

मी रोज पहाटे चालायला जातो. आमच्या भागातल्या बागेत सकाळी शंभरेक माणसं तरी असतात. माझं स्पष्ट मत, फुकट मिळालं की किंमत राहत नाही. चालणाऱ्यांना महिना पन्नास रुपयांचा पास करा. शिवाय कुंपणाच्या रस्त्याकडच्या बाजूला जाहिरातीचे फलक लावा. एका बाजूच्या फलकांतून माळ्याचा पगार सुटेल. कुलूप नको म्हणणाऱ्या ताईंबद्दल आदर आहे, पण भावनेवर मोटर चालत नाही.

दोन_लेकरांची_आई

पहाटवारी काका, पन्नास रुपये तुम्हाला आणि मला जड नाहीत. नाल्यापलीकडच्या बाईला दोन मुलं असतील तर तिने कुणाचा पास काढायचा?

मी एक अनुभव सांगते. आम्ही आधी ज्या भागात भाड्याने राहायचो तिथल्या बागेला असंच कुलूप होतं, किल्ली तीन घरांत. संध्याकाळी सहा वाजता माझी मुलं गजांतून आत बघत उभी राहायची, कारण किल्लीवाले काका गावाला गेलेले. सहा महिन्यांत बाग कुणाचीच राहिली नाही. आत माणूस नसला की आधी बाटल्या येतात, मग साप, मग "बघा, तिथे जाऊ नका" असं आपणच मुलांना सांगायला लागतो. ज्या बागेत संध्याकाळी पन्नास मुलं ओरडत असतात तिथे रात्री कुणी बसायची हिंमत करत नाही. मुलांचा वापर हीसुद्धा राखणच आहे.

फलकांबद्दल. रस्त्यावरून बाग दिसेनाशी झाली तर मी माझ्या मुलीला तिथे एकटी पाठवणार नाही. कुंपणातून आरपार दिसलं पाहिजे.

उद्यमबाग_लेथ

ताई, ती कडी ठेवलीत ना? मापासाठी आणून द्या.

मी उद्यमबागेत लेथवर आहे. बाजारात मिळणाऱ्या झोपाळ्याला नुसती वाकवलेली कडी असते. लोखंडावर लोखंड घासतं, पावसात गंजतं, म्हणून झिजते. तिथे पिन आणि बुश (पिनेभोवतीची धातूची नळी) बसवायला पाहिजे. गनमेटलचा बुश टर्न केला आणि ग्रीस निपल लावला तर कैक वर्षं बघायला नको, फक्त महिन्याला एकदा ग्रीस. आमच्याकडे तुकडे उरतात, त्यातून चार झोपाळ्यांचे आठ बुश होतील. शनिवारी सुट्टीनंतर करून देतो. पैसे नकोत. आमच्या शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग होतं, त्यांना विचारून ठेवतो.

मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे नफ्यातून समाजकामाला द्यायच्या पैशाबद्दल, इथे कुणीतरी लिहीलच. तो २०१३ च्या कंपनी कायद्यातला २ टक्क्यांचा नियम ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्यांना. उद्यमबागेतली बहुतेक शेड त्यात येत नाहीत. पण आमच्याकडे मशीन आहे आणि हात आहेत. नुसते पैसे मागू नका, काम सांगा. काम सांगितलं तर माणूस लवकर होय म्हणतो.

वेशीवरचा

आमच्या गावात बाग न्हाई, मैदान हाय. तळं हाय. तुमच्या शहरावाणी फंड कुठला? पर आमचं मैदान गेली कित्येक वरसं आमीच राखतोय, ते कसं ते सांगतो.

मैदानाच्या कडंनं चिंचंची झाडं हायत, आजोबांच्या टायमाची. दरसाल माघात चिंचंचा लिलाव हुतो, पंच कमिटी देवळाफुडं बसून करती. गवताचा लिलाव दिवाळीच्या मागनं. तळ्यातल्या माशांचा येगळा. ते पैसे देवस्थानाच्या वहीत न जाता मैदानाच्या वहीत जातात, हे आमच्या म्हाताऱ्यांनी ठरवून ठेवलंय. त्यातनं रोलर फिरतो, तालमीची तांबडी माती बदलती, तेल-ताक घालून मळती. वही चावडीत टांगलेली असती, कुणीबी बघावी.

शहरात चिंच न्हाई म्हणा. पर बागंतनं काय उगवतंय ते बघितलंय का कुणी? जांभूळ हाय म्हणता ताई. एका मोठ्या जांभळाला किती पाटी निघत्यात? आमच्याकडं जांभळाची पाटी कधी वाया गेल्याली बघितली न्हाई. तुमच्यात पेव्हरवर पडून माशा घोंगावत असतील.

जुनी_पेठ

वहीचं पटलं. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आम्ही गल्लीत फळ्यावर लिहितो, नारळापासून मांडवापर्यंत. म्हणून कधी वर्गणीला कुणी नाही म्हणत नाही. ताई, तुमच्या एकोणिसांपैकी कितीजणांना माहीत आहे की मोटरला किती लागले?

जांभळाखाली

खरं सांगते, कुणालाच नाही. हिशेब माझ्या वहीत आहे, पै न पै लिहिलेली आहे, पण वही माझ्या कपाटात. मागितली असती तर दाखवली असती. कुणी मागितली नाही आणि मी लावली नाही.

आणि जांभळाचंही खरं आहे. दर जून महिन्यात आम्ही "घाण होते" म्हणून फांद्या छाटायची चर्चा करतो.

कोर्टाजवळ

वकिली करते, जमिनीचे दावे जास्त. ताईंच्या कुलपाबद्दल आधी.

लेआउट मंजूर होताना उद्यानासाठी सोडलेली जागा रहिवाशांच्या मालकीची होत नाही. ती सार्वजनिक होते. वर्गणी दिल्याने किल्लीचा हक्क येत नाही, जसा रस्ता झाडल्याने रस्त्याचा येत नाही. उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा ठरवता येतात, त्या सगळ्यांना सारख्या. ठरावीक घरांना आत आणि बाकीच्यांना बाहेर, हे टिकणार नाही.

हे रहिवाशांच्या विरुद्ध आहे असं वाटू देऊ नका, कारण हाच कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. बेंगळुरूत राजमहल विलास एक्स्टेन्शनमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी एका ट्रस्टला दिली गेली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले. "तुमचं व्यक्तिशः काय नुकसान झालं, तुम्ही का आलात?" असा आक्षेप घेतला गेला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगलोर मेडिकल ट्रस्ट खटल्यात रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. मोकळी जागा ही परिसरातल्या सगळ्यांच्या श्वासाची सोय आहे आणि तिच्यासाठी कोर्टात यायचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, हे त्यात मान्य झालं. उद्या तुमच्या बागेत कुणी पाण्याची टाकी, समाजभवन किंवा गाळे काढायला आला तर हाच निकाल तुमच्या कामी येईल. आज तुम्ही ती बेचाळीस घरांची खासगी करून टाकलीत, तर सार्वजनिक म्हणून भांडायला तोंड राहणार नाही.

कर्नाटकात १९८५ चा उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा जतन करण्याचा स्वतंत्र कायदा आहे. स्थानिक संस्थेने अशा जागांची यादी करायची आणि त्या जागा स्वच्छ, नीट स्थितीत ठेवायच्या, हा त्याचा गाभा. म्हणून अर्जात "कृपया मदत करावी" असं लिहू नका. कायद्यातलं कर्तव्य म्हणून लिहा.

पहिलं काम, जागा नेमकी कुणाच्या नावावर आहे ते काढा. आपल्याकडे अर्ध्या तक्रारी इथेच अडतात. लेआउट बुडाने (शहर विकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला, बाग विकासकाने सोडलेली, पण महापालिकेकडे रीतसर हस्तांतर झालेलं नाही, अशा बागा असतात. मग दोन्हीकडून "आमच्याकडे नाही" ऐकू येतं आणि दोघेही कागदावर बरोबर असतात. टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोच्या झाडीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शहर ती आपली फुफ्फुसं म्हणून वापरतं, जागा मात्र आरोग्य खात्याची.

माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून थोडक्यात चारच गोष्टी मागा. मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत. उद्यानाच्या हस्तांतराच्या कागदाची प्रत. १९८५ च्या कायद्याखालच्या यादीत ही जागा आहे का. गेल्या तीन वर्षांत या उद्यानावर देखभालीचा किती खर्च दाखवला. चौथा प्रश्न सोडू नका. कधी कधी खर्च पडलेला असतो आणि तो आपल्याला दिसलेला नसतो.

वॉर्ड समितीची तरतूद २०११ च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात आली. नगरसेवक अध्यक्ष, दहा सदस्य, त्यांत तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन रहिवासी संघटनांचे. बागेचा विषय तिथे नोंदवून घ्या. तोंडी सांगून येऊ नका, इतिवृत्तात आला पाहिजे.

पहाटवारी

पासचा मुद्दा मी मागे घेतो. मुलांचं मला खरंच सुचलं नव्हतं. फलकांचं मात्र पूर्ण सोडत नाही. एखाद्या दुकानाने बाकडं दिलं आणि बाकड्याच्या पाठीवर हाताएवढी पाटी लावली, तर कुंपण झाकलं जात नाही. आमच्या चालणाऱ्यांच्या गटात निवृत्त इंजिनिअर आहेत, वीजखात्यातले आहेत. मीटर आणि मोटर आम्ही बघू शकतो.

माळ्याची_लेक

मी इथे फक्त वाचायला येते. आज लिहिते.

माझे बाबा वीस-बावीस वर्षं बागांमध्ये माळी होते. कधीच कायम नव्हते, कंत्राटदाराकडे. कंत्राट एक वर्षाचं. मार्चमध्ये संपायचं आणि नवीन टेंडर व्हायला जून उजाडायचा. म्हणजे ज्या महिन्यांत झाडाला पाणी लागतं त्याच महिन्यांत माळी नाही. बाबा तरी पहाटे सायकल घेऊन जायचे, मजुरी नसताना. आई भांडायची. बाबा म्हणायचे, "पावसाळ्यात लावलेलं रोप दोन उन्हाळे काढतं तेव्हा झाड होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात सोडलं तर पहिल्या उन्हाळ्याचं पाणी फुकट गेलं की."

पाणी किती घालायचं हे ते बोटांनी बघायचे. रोपाच्या बुडाशी दोन बोटं खुपसायची. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मला लहानपणी ते काम दिलं होतं, मी प्रत्येक रोपाशी बसून बोटं घालायची आणि ओरडून सांगायची. आपल्या तांबड्या मातीत वरून कोरडं दिसतं आणि खाली ओल असते. नळी धरून हिरवळीवर तासभर पाणी मारणारा माणूस हे बघत नाही. हिरवळीला बाबा "बागेतला पाहुणा" म्हणायचे. सगळ्यांच्या आधी पाणी मागणार, सगळ्यांच्या आधी वाळणार. ते म्हणायचे हरळी राहू द्या, करंज लावा, बकूळ लावा, दोन वर्षं जपा, मग ती आपली आपण जगतात. पण टेंडरमध्ये हिरवळ चौरस मीटरवर मोजता येते, सावली मोजता येत नाही.

झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालणं त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. ते घरच्या डब्यातलं खोबरेल न्यायचे आणि शिडी नसायची म्हणून घसरगुंडीच्या कठड्यावर चढून घालायचे.

जांभळाखाली ताई, रागावू नका. तुमच्या हिशेबात पैसे कमी पडले तेव्हा पहिली काटछाट माळीकाकांच्या दिवसांवर झाली. सगळीकडे असंच होतं. तीन दिवस येणारा माणूस बागेकडे बघतो. एक दिवस येणारा फक्त झाडून जातो, त्याला बघायला वेळच नसतो. ते आठवड्यातून तीनदा येत असते तर ती कडी त्यांना दिसली असती असं मला वाटतं.

निवृत्त_लेखापाल

मुली, तू लिहिलंस ते आम्ही एकतीस वर्षांत कधी टिपणीत लिहिलं नाही. कंत्राटाचं वर्ष एप्रिल ते मार्च धरण्याऐवजी जुलै ते जून धरलं असतं तर उन्हाळा मधे आला असता. टेंडरच्या कागदात एवढी एक तारीख बदलायची होती. त्याला एक रुपयाही जास्त लागला नसता.

ताई, तुमच्या अर्जात हे घालाच. "देखभालीचं कंत्राट पावसाळ्यात सुरू करावं आणि मार्च ते जून खंड पडू देऊ नये."

वेशीवरचा

लेकी, तुजा बाप शाणा माणूस. हायत का?

माळ्याची_लेक

आहेत. गुडघे दुखतात, सायकल बंद आहे. दारातल्या कुंडीत अजून बोटं घालून बघतात.

जांभळाखाली

मी रागावले नाही. तुझं लिहिणं दोनदा वाचलं आणि वही काढून बसले. तू म्हणतेस ते माझ्याच अक्षरात आहे. एका महिन्याला "माळी, आठवड्यातून १ वेळ" असं लिहून खाली "बचत" म्हणून आकडा मांडला आहे. तो शब्द मी खोडला.

चार दिवसांत काय काय झालं ते लिहिते.

वहीची पानं मोठ्या अक्षरांत लिहून बागेच्या फळ्यावर लावली, सात वर्षांची. मोटरचा आकडा बघून समोरच्या घरातले काका म्हणाले, "एवढे गेले? मला वाटलं कार्यालयाने केली." त्यांनी वर्गणी तीन वर्षांपूर्वी बंद केली होती, ती परत सुरू करतो म्हणाले. आज संध्याकाळपर्यंत सव्वीस घरं झाली. माळीकाकांना पुढच्या आठवड्यापासून तीन दिवस सांगितलं आहे आणि तेल, ग्रीस, कड्या बघणं हे त्यांच्या कामात लिहून, त्याची मजुरी धरून.

माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे. आमच्या शेजारच्या कन्नड अज्जींनी लिहून दिला, सुवाच्य अक्षरात, चार मुद्दे दीडशे शब्दांत बसवून. पाचवा मुद्दा त्यांनी स्वतःहून घातला होता, दिव्यांगांच्या ५ टक्क्यांचा. त्यांना वॉकर घेऊन बागेची पायरी चढता येत नाही, दोन वर्षं त्या गेटपर्यंत येऊन परत जातात. हे मला माहीत नव्हतं. माहिती अधिकारातून तो काढून त्याचा वेगळा अर्ज केला.

खताचा खड्डा आणि बोअरचं पुनर्भरण, असे आणखी दोन अर्ज. जुलैच्या कंत्राटाचं वाक्य तिसऱ्यात.

कुलपाचा विषय मी कालच्या बैठकीत परत काढला आणि कोर्टाजवळ ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांचं समाधान झालेलं नाही. ज्यांनी कुलूप सुचवलं होतं ते उठून गेले आणि त्यांचं घर सव्विसांत नाही. मी त्यांच्याकडे परत जाणार आहे. त्यांची नातही त्याच झोपाळ्यावर बसते.

नाल्यापलीकडे मी आणि आमच्या दोघीजणी जाऊन आलो. पैसे मागितले नाहीत. बागेत काय हवं ते विचारलं. बायका म्हणाल्या, एक दिवा, नाल्याच्या बाजूच्या वाटेवर, मुलं परत येतात तेव्हा अंधार असतो. आमच्या बारा दिव्यांपैकी एकही त्या बाजूला नाही. आणि एक आजी म्हणाल्या, जांभळं पडतात ती आम्ही वेचली तर चालेल का? वेशीवरचे दादा, तुमची आठवण आली.

लेथवाले दादा, कडी घेऊन शनिवारी पाच वाजता उद्यमबागेत येते. पहाटवारी काका, वीजखात्यातल्या तुमच्या मित्रांना रविवारी घेऊन या, सकाळी सातला, मीटरचा डबा उघडून ठेवते. खताच्या खड्ड्याची जागाही तेव्हाच आखू. माळीकाका येणार आहेत.

माळ्याची_लेक

खड्डा जांभळाच्या मुळांपासून लांब घ्या, नाल्याच्या बाजूला नको, पावसात पाणी भरेल. मी येते रविवारी. बाबांना रिक्षाने आणते, ते जागा बघून सांगतील.